तिळफुलाची वाटी

१

कुलूप शाबूत होते, कडी शाबूत होती, कपाटातले कागदही नीट रचलेले होते. वरच्या कप्प्यातली निळी फाईल तेवढी नव्हती.

"बघा सर," संभाजीराव पळसुले म्हणाले. "काल सकाळी अकराला माझ्या हाताने ठेवली, कुलूप लावलं. अडीचला येऊन उघडतो तर हे असं."

गोविंदराव लघाट्यांनी आधी श्वास सावरला. झाशीच्या माणिक चौकातल्या या दुकानाचा जिना एकोणीस पायऱ्यांचा होता, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी पायऱ्या आपोआप मोजल्या जातात. सदतीस वर्षे त्यांनी तंत्रनिकेतनात मापनशास्त्र शिकवले होते. संभाजी त्यांचाच विद्यार्थी, काठावर पास झालेला. पुढे त्याने बिजौलीत स्टीलच्या भांड्यांचा कारखाना काढला, चौकात दुकान थाटले. पण काही हरवले, बिघडले, अडले की तो अजूनही सरांच्याच दाराशी येई. निवृत्त झालेल्या माणसाला लोक शहाणा समजू लागतात, हा गोविंदरावांच्या मते निवृत्तीचा सर्वांत त्रासदायक भाग होता.

"फाईलीत होतं काय?"

"वाट्यांची नोंद. बाहेरचा फलक पाहिलात ना?"

न पाहून चालण्यासारखे नव्हते. संक्रांतीपासून दुकानावर हातभर अक्षरांत लिहिलेले होते: 'दुकानात या, फोनवरून लोकेशन टाका, वाटी घेऊन जा.' गल्ल्याजवळ चौकटी-चौकटींचे छापील कार्ड ठेवले होते. त्याच्यावर फोन धरला की त्या फोनच्या साऱ्या गोतावळ्याला वर्दी जाई, अमुक अमुक या क्षणी पळसुले स्टीलमध्ये आहेत. बदल्यात, तळाशी तिळाचे फूल उमटवलेली एक छोटी वाटी मिळे. ती विकत मिळत नसे.

"कल्पना अक्षतची," संभाजीराव म्हणाले. अक्षत हा त्यांचा पुतण्या. "लखनौची एक मोठी कंपनी भुलली आहे याच्यावर. त्यांचा माणूस उद्या, मंगळवारी दुपारी, करार करायला येतोय. त्याच्यापुढे ती फाईल ठेवायची होती."

"किल्ल्या किती?"

"तीन. कपाटाची आणि मागच्या गल्लीतल्या दाराची, दोन्ही एकाच जुडग्यात. एक जुडगा माझा. पण मी साडेअकरा ते दोन आपल्या मराठी समाजाच्या बैठकीत होतो."

"माझ्या शेजारी," गोविंदराव म्हणाले. "अर्धा वेळ घोरत."

संभाजीरावांनी ते ऐकले नाही असे दाखवले. "दुसरा अक्षतचा. तो दिवसभर मोठ गावच्या मंडीत आपल्या स्टॉलवर होता. तिसरा रुचिराचा. ती नोंद तीच लिहायची. रविवारी तिची सुट्टी. म्हणते, ताप होता, घराबाहेर पाऊल टाकलं नाही." त्यांनी अक्षतने खूण करून दिलेली एक छापील यादी पुढे केली. रविवारी माणिक चौकातल्या कार्डावर ज्या ज्या फोनने हजेरी लावली, त्यांची नावे आणि वेळा. दोनशे बारा नावांपैकी एकाखाली लाल रेघ होती.

रुचिरा शिर्के. बारा वाजून चोवीस मिनिटे.

"उद्या कंपनीचा माणूस यायच्या आत मी ठाण्यात तक्रार देणार," संभाजीराव म्हणाले. "पोरगी चांगली होती, सर. पण फोन कशाला खोटं बोलेल?"

२

अक्षत खालून चहा घेऊन आला. तिशीचा, तरतरीत, बोलताना मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत सहज ये-जा करणारा.

"सरजी, तुम्ही कशाला तकलीफ घेतली? मामला तो साफ है."

"साफ असेल तर लवकर संपेल. ही लोकेशनची भानगड मला एकदा समजाव. लोक कुठे गेले याच्याशी लखनौच्या कंपनीला काय करायचं?"

अक्षतचा चेहरा खुलला. "बोर्डाकडे आजकाल कोण बघतं, सरजी? पण मावशी कुठे गेली, जाऊबाई कुठे गेली, ते सगळे बघतात. माणूस स्वतः सांगतो, मी इथे आहे. ही जाहिरात विकत नाही मिळत. आणि कंपनीला कळतं कोण कुठून येतं, किती वाजता येतं, नंतर कुठे जातं."

"आणि तू काल कुठे होतास?"

"मोठला. सकाळी नऊला पोचलो, साडेतीनला निघालो. तिथल्या स्टॉलचं कार्ड वेगळं आहे, ते फक्त तिथेच चालतं. हे बघा." त्याने फोन पुढे केला. मंडीतला स्टॉल, पुढे हसणारा अक्षत, आणि त्याच्या पाठीशी वाट्यांची भली थोरली उतरंड. खाली पसरट, वर निमुळती होत गेलेली, शेंड्यावर एकच वाटी, देवळाच्या कळसासारखी. खाली वेळ होती बारा बेचाळीस.

"तेव्हाच काढलास?"

"काढला आणि तिथेच टाकला. साडेबारा-एकला लोक जेवताना फोन चाळतात. त्या वेळी टाकलं की जास्त दिसतं."

"गर्दी होती?"

"तुफान. दहा वाजेपर्यंत उतरंड अर्धी झाली. परत रचायला वेळ कुणाला? मग पोती फोडली, सरळ पोत्यातून वाटत बसलो."

"खरंय," संभाजीराव म्हणाले. "मी एकला बैठकीतून याला फोन केला, तर तिथे स्टॉलवर कामाला असलेल्या कांचनने उचलला. म्हणाली, भैयाजी गर्दीत आहेत."

गोविंदरावांनी चहा संपवला. गोड फार होता. "त्या फोटोची मला कागदावर प्रत दे. काचेवरचं बघून डोळे दुखतात. आणि ही यादी नेतो."

"यादीत आता काय बघायचं उरलंय, सरजी?"

"काही नाही. म्हाताऱ्याला वाचायला काहीतरी लागतं."

३

रुचिरा प्रेम नगरात, गोविंदरावांच्याच गल्लीत, राधाबाई किबे यांच्याकडे भाड्याने राहत होती. वडील सुभेदार. ते बबिन्याच्या छावणीत होते तेव्हा तिचे शिक्षण झाशीत झाले. आता त्यांची बदली ईशान्येकडे झाली होती आणि आई साताऱ्याला होती. शाल पांघरून ती कॉटवर बसली होती. अंगातला ताप उतरला होता, पण चेहरा ओढलेलाच होता.

"मी गेले नव्हते, सर. कालपासून हे चौथ्यांदा सांगतेय. आता मलाच खोटं वाटायला लागलंय."

"फोन कुठे होता?"

"बाहेरच्या खोलीत, चार्जिंगला. दहाला गोळी घेऊन झोपले ती दोनला उठले. फोन जिथल्या तिथे होता."

"तुझ्याशिवाय कोणाला उघडता येतो?"

"राधाकाकूंना. मुलाशी बोलतात त्यावरून." तिने शाल ओढून घेतली. "रेल्वेत क्लार्क म्हणून माझी निवड झालीये, सर. फक्त पोलीस पडताळणी बाकी आहे. संभाजीकाका तक्रार देणार ते ठाणं आणि माझे कागद पडलेत ते ठाणं, एकच आहे."

हे सांगताना तिचा आवाज चढला नाही, की डोळे भरले नाहीत. गोविंदरावांना रडणारी माणसे परवडत. अशी थकून कोरडी झालेली पाहिली की त्यांना स्वतःच्या वयाचा भार जाणवे.

राधाबाई तिळाचे लाडू घेऊन आल्या. सत्तरीच्या, नऊवारीतल्या, मोडक्या हिंदीतही रुबाब न सोडणाऱ्या. किब्यांचे नाव समाजात मोठे होते. ते आता नावापुरतेच उरले आहे हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच त्या ते फार जपत. गेल्या वर्षी कुणीतरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या वाटल्या, तेव्हा त्यांनी चारचौघींत म्हटले होते, वाण म्हणजे पदरचं द्यायचं असतं बाई, जाहिरातवाल्यांनी टाकलेलं नाही.

"राधावहिनी, काल दुपारी ही घरात होती ना?"

राधाबाई पदर सारखा करू लागल्या. "मी कशी सांगू, गोविंदराव? मी गणपतीच्या देवळात गेले होते. दीड वाजला यायला. पोरगी निजली होती की बाहेर गेली होती, ते शपथेवर कसं बोलायचं?"

रुचिराने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि तोंड भिंतीकडे वळवले.

गोविंदराव सावकाश लाडू खात राहिले. दातांमुळे त्यांना वेळच लागे. तिसरा आणि शेवटचा लाडू उचलला तेव्हा वाटीचा तळ दिसला. तळाशी तिळाचे फूल होते.

"छान आहे वाटी," ते म्हणाले.

"रुचिरानेच आणलेली," राधाबाई घाईने म्हणाल्या आणि वाटी उचलून आत गेल्या.

"मी एकही आणलेली नाही," रुचिरा भिंतीकडे बघत हळूच म्हणाली. "नोकरांना वाटी घ्यायची मनाई होती."

बाहेर पडल्यावर गोविंदराव कोपऱ्यावरच्या ओट्यावर टेकले. थंडीतले ऊन नुकते कुठे अंगाला लागू लागले होते. त्यांनी चष्मा पुसून यादी उलगडली. अक्षतने एकच नाव वाचले होते. त्यांनी सवयीप्रमाणे पहिल्यापासून वाचायला घेतले. बारा वीसपर्यंत ओळखीचे कुणी नव्हते. बारा एकवीसला समोरच्या गुप्ताजींचा मुलगा. मग गल्लीतल्या दोघी. बारा चोवीसला रुचिरा. मग पुन्हा गल्लीतलेच. सारे प्रेम नगर जणू एका मागोमाग एक दुकानात शिरले होते.

बारा एकतीसच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

गोविंद लघाटे.

बारा एकतीसला ते समाजाच्या सभागृहात, संभाजीच्या घोरण्याच्या साथीने, मागच्या वर्षीचा अहवाल ऐकत बसले होते.

४

"बाबा, रागवू नका," त्यांची सून नीलम म्हणाली. "तुम्ही फोन घरी ठेवूनच जाता. राधाकाकू पिशवी घेऊन आल्या. एका फोनला एक वाटी. हळदीकुंकवाच्या वाणाला कमी पडतायत म्हणाल्या. अख्ख्या गल्लीतून गोळा केले. अर्ध्या-पाऊण तासात परत."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"कुणाजवळ बोलू नकोस म्हणाल्या. आणि तुमचं ते चोरीचं प्रकरण वेगळं ना?"

गोविंदरावांनी यादीची घडी करून खिशात ठेवली. तंत्रनिकेतनातला पहिला तास ते एकाच वाक्याने सुरू करत: तापमापक फक्त स्वतःचे तापमान सांगतो, ते रोग्याचे आहे की नाही हे तुम्ही बघायचे. सदतीस वर्षांत हे वाक्य किती पोरांच्या डोक्यात उतरले, कुणास ठाऊक. संभाजीच्या तर नक्कीच नाही.

दुपारी ते पुन्हा माणिक चौकात गेले. गल्ल्यावर दगडू होता; तीस वर्षांपासून पळसुल्यांकडे, केस पांढरे, हात मात्र अजून भक्कम.

"दगडू, रविवारी वाट्या तूच दिल्यास?"

"मीच, सरजी. लोक फोन काढतात, मी कार्डावर धरतो, वाटी देतो. कुणाचा फोन, कुणाचं नाव, मला काय समजतं?"

"मग नोंद?"

दगडूने गल्ल्याखालून डिसेंबरच्या कॅलेंडरचे पान काढले. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेपुढे टिंबे. "मला लिखापढी जमत नाही. बिटिया म्हणाली, काका, माणूस आला की रेघ, त्याने जितके फोन काढले तितकी टिंबं. संध्याकाळी मी दाखवतो, ती फाईलीत उतरवते. रविवारी ती नव्हती, म्हणून पान माझ्याकडेच राहिलं."

गोविंदरावांनी पेन्सिलीच्या टोकाने दोनदा मोजले. रेघा त्रेचाळीस. टिंबे दोनशे बारा. यादीत नावे दोनशे बारा होती, आणि दुकानात माणसे आली होती त्रेचाळीस. एका रेघेपुढे तर मुंग्यांची रांग लागावी तशी सतरा टिंबे होती.

"ही कोण?"

दगडू कान खाजवू लागला. "सरजी, बाईंनी हातावर तिळगूळ ठेवला, म्हणाल्या, गोड बोल. आता गोड म्हणजे गप्पच ना?"

"मग हे तू संभाजीला का नाही सांगितलंस?"

"मालकांनी विचारलं, रुचिरा आली होती का. मी म्हटलं, मला दिसली नाही. मालक म्हणाले, तुला दिसत नाही पण फोनला दिसतं." दगडूने पान सरळ केले. "त्यानंतर कुणी काही विचारलं नाही."

"निळ्या फाईलीत हेच होतं? दहा दिवसांचं?"

"हेच. बिटियाने अक्षतभैयाला पण दाखवलं होतं. भैया म्हणाले, रेघांची काय गरज आहे, टिंबं लिही. ती म्हणाली, मालकांनी दोन्ही सांगितलंय."

गोविंदराव पाटाएवढ्या स्टुलावर बसले. मग त्यांनी खिशातून मोठच्या फोटोची प्रत काढली, भिंग लावले, आणि वाट्यांची उतरंड शेंड्यापासून पायथ्यापर्यंत एकेक थर करत पाहिली. भिंग खाली ठेवताना त्यांना समाधान असे झाले नाही. त्यांना फक्त घरी जाऊन पडावेसे वाटले.

"दगडू," ते म्हणाले, "त्या कांचनचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

घरी परतताना ते राधाबाईंच्या दारात उभे राहिले, आत गेले नाहीत. "वहिनी, उद्या अकराला मी पळसुल्यांकडे सतरा टिंबं दाखवणार आहे. नाव सांगणार नाही. ते ज्याचं त्याने सांगायचं असतं."

राधाबाईंनी दार लावून घेतले.

५

मंगळवारी अकरा वाजता वरच्या खोलीत चौघे बसले होते: संभाजीराव, अक्षत, शाल घेतलेली रुचिरा आणि गोविंदराव. दगडू दाराला टेकून उभा होता. संभाजीरावांपुढे तक्रारीचा अर्ज टाईप करून तयार होता. सही तेवढी बाकी होती.

"संभाजी, रविवारी बारा एकतीसला मी कुठे होतो?"

"माझ्या शेजारी. हे काय विचारणं झालं?"

"मग ही ओळ वाच."

संभाजीरावांनी वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली.

"माझा फोन इथे होता, मी नव्हतो," गोविंदराव म्हणाले. "तसाच रुचिराचा. बारा एकवीस ते बारा सदतीस, सतरा नावं, सगळी आमच्या गल्लीतली. दगडूच्या पानावर त्या सतरा फोनांपुढे माणूस एकच आहे."

"कोण?"

जिन्यावर पावले वाजली. सावकाश, मध्येच थांबत, एकोणीस वेळा. राधाबाई वर आल्या आणि त्यांनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली. आतून स्टीलचा नाद आला.

"सतरा आहेत," त्या म्हणाल्या. "एक लाडवाने खरकटी झाली होती, घासून आणलीये." मग रुचिराकडे न बघता म्हणाल्या, "तू निजली होतीस. मी निघाले तेव्हा निजली होतीस, आले तेव्हाही निजलेलीच होतीस. कपाळाला हात लावून बघितला होता मी. काल हे बोलायला हवं होतं. शेजारणी काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं."

रुचिराने उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीशी उभी राहिली.

"बरं, रुचिरा नव्हे," संभाजीराव म्हणाले. "मग कोण? मी तुमच्याजवळ होतो. अक्षत मोठला."

"अक्षतचा फोन मोठला," गोविंदराव म्हणाले. "ज्या मापाने रुचिरा अडकली, त्याच मापाने अक्षत सुटला होता. माप खोटं ठरलं तर दोन्हीकडे खोटं." त्यांनी फोटो टेबलावर सरकवला. "या उतरंडीच्या शेंड्यावर वाटी आहे. खालचे सगळे थर पुरे आहेत. एकही वाटी उचललेली नाही. अक्षत, दहापर्यंत उतरंड अर्धी झाली आणि पुन्हा रचली नाही, हे तुझेच शब्द. मग बारा बेचाळीसला ती पुरी कशी?"

अक्षत फोटोकडे पाहत राहिला.

"फोटो नऊचा आहे, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीचा. काल मी कांचनशी बोललो. भली बाई. म्हणाली, भैयाजींनी फोन माझ्याकडे ठेवला, साडेबारानंतर फोटो टाक म्हणाले, आणि दहाला मंडीच्या कामाला गेले ते दोनला आले. तिला वाटलं, जास्त लोकांनी बघावं म्हणून. मोठहून इथे यायला तास, जायला तास. मागच्या गल्लीतलं दार, तुझीच किल्ली. गल्ल्यावर दगडू गर्दीत."

"पण का?" संभाजीरावांनी विचारले. "तुझ्याच कामाची फाईल ती."

"दोनशे बाराचे त्रेचाळीस होणार होते, काका." अक्षतने मान वर केली नाही. "दहा दिवसांचे दोन हजार, त्यांचे जेमतेम साडेचारशे. हे कागद तुम्ही त्या माणसापुढे ठेवणार होता. चार वर्षं मी कंपन्यांची दारं ठोठावतोय. पहिल्यांदा कुणीतरी हो म्हटलं होतं. रस्त्यात चहावाल्याच्या भट्टीत टाकली."

"ते मी समजू शकतो," गोविंदराव म्हणाले. ते इतके हळू बोलत होते की संभाजीरावांना पुढे झुकावे लागले. "घाबरलेला माणूस कागद जाळतो. पण एक माणूस पिशवीभर फोन घेऊन येतो, हे या दुकानात रुचिरा आणि दगडू सोडून फक्त तुला ठाऊक होतं. यादीत तिचं नाव असणं म्हणजे ती इथे असणं नव्हे, हेही तुलाच ठाऊक होतं. आणि लाल रेघ तू मारलीस."

खाली कुणीतरी वाटी मागत होते.

संभाजीरावांनी अर्ज फाडला. गोविंदरावांनी खिशातून दुसरा कागद काढला. आराखड्यावर लिहितात तशा सुट्या, सरळ अक्षरांत चार ओळी. रुचिरा शिर्के यांनी येथे प्रामाणिकपणे काम केले, त्यांच्याविषयी कोणतीही तक्रार नव्हती व नाही.

"यावर सही कर. शिक्काही मार. तो माणूस यायच्या आत."

६

लखनौचा माणूस दोन वाजता आला. सिद्धार्थ नाव, वागायला अदबशीर. संभाजीरावांनी मन घट्ट करून त्याच्यापुढे कॅलेंडरचे पान ठेवले आणि रेघा कोणत्या, टिंबे कोणती, सारे सांगून टाकले. अक्षत खिडकीबाहेर पाहत होता.

सिद्धार्थने ते पान फार वेळ पाहिले. मग तो हसला, पण चेष्टेने नव्हे.

"सर, आदमी तो हम गिनते ही नहीं. फोन गिनते हैं. वो हमें पता ही था." त्याने सतरा टिंबांवर बोट ठेवले. "पर ये हमें कहीं नहीं मिलता. एक के कहने पर सत्रह घर अपना फोन दे देते हैं. ये मैडम कौन हैं? पूरे महीने का ऐसा काग़ज़ है आपके पास?"

संभाजीरावांनी पुतण्याकडे पाहिले. पुतण्याने कुणाकडेच पाहिले नाही.

"जल गया," संभाजीराव म्हणाले.

करार झाला. अक्षत त्याच जागेवर राहिला. घरचे माणूस, कुठे टाकणार, असे संभाजीराव म्हणाले. रुचिरालाही राहा म्हणाले, पगार वाढवू म्हणाले. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली, दगडूला वाकून नमस्कार केला आणि ती जिना उतरून गेली. पडताळणीचे कागद गुरुवारी ठाण्यातून पुढे गेले.

शुक्रवारी राधाबाईंकडे हळदीकुंकू झाले. नीलम परतली तेव्हा तिच्या हातात कागदात बांधलेली कापसाच्या फुलवातींची पुडी होती.

"यंदा हेच वाण. तीन दिवस बसून हाताने वळल्या म्हणे. रुचिराही होती, वाती मोजून बांधत होती. दोघी फारसं बोलत नव्हत्या."

"आणि फोन?"

"दाराशी परात ठेवली होती. सगळ्यांनी त्यात ठेवायचे आणि मग आत यायचं."

गोविंदराव आरामखुर्चीत पडले होते. गुडघे आठवडाभर दुखत होते. उशाशी ठेवलेला त्यांचा फोन किणकिणला. त्यांनी सवयीने चष्मा लावून वाचले.

'गोविंद जी, पाँच दिन से आप हमारे यहाँ नहीं आए. हमें आपकी कमी महसूस हो रही है.'

त्या दुकानात त्यांचा फोन एकदा जाऊन आला होता, त्याची ही आठवण होती. एकोणीस पायऱ्यांचा तो जिना ते स्वतः सोमवारी आणि मंगळवारी चढून गेले होते, त्याची नोंद कुठेच नव्हती. त्यांनी फोन पालथा घातला आणि डोळे मिटले.